आवक क्रमांक

पत्र्याच्या शेडमध्ये बसलो आम्ही.
इथं टॉवेलचे माग होते, ते भंगारात गेले.
फरशीतले बोल्ट तेवढे राहिलेत,
सतरंजीतूनही टोचतात.

माझं अक्षर बरं, म्हणून लिहिणारी मी.
बाकीच्यांच्या मांडीवर सुपं.
हात थांबला तर हजार भरत नाहीत,
म्हणून तोंडात कायदा, बोटांत विडी,
असे चार शनिवार गेले.

वकीलबाई म्हणाल्या, हे पान ऐका.
पान म्हटलं की इथं आधी हात लावून बघतात,
नीट भिजलंय का.
हे कोरडं होतं.
बाई मूलबाळ नसताना मेली, नवराही नसला,
तर तिनं कमावलेलं नवऱ्याच्या वारसांना.
तिकडं कुणीच नसेल, तर मग आईला.

नरसम्मा गुंडेटीनं सूप खाली ठेवलं.

तिची अनसूया एकविसाव्या वर्षी विधवा झाली.
दिरानं ट्रंक रस्त्यावर टाकली.
चौदा वर्षं आईच्या गुडघ्याला गुडघा लावून विड्या वळल्या,
कुंभारीला खोली घेतली, स्वतःच्या नावावर.
भिंतीला निळा रंग, तोही हप्त्यानं.
मग कावीळ. आठ दिवस.
तेराव्याला दीर आला, नवं कुलूप घेऊन.
त्याच्याजवळ कागद होता आणि कागद खरा होता.
"खोटा असता तर भांडले असते," नरसम्मा म्हणाली.
"खऱ्याशी कसं भांडायचं, सांग की."

हे कुठल्या पोटकलमात येतं, ते वकीलबाई सांगू लागल्या.
केराबाई शिवशरण मधेच बोलली,
"पोट म्हणतात, आन् त्यात आई न्हाई?"
कुणी हसलं नाही. मग सगळ्याच हसल्या.

तिसऱ्या शनिवारी मसुद्यात कुणीतरी घातलं:
सर्वांना एकच कायदा.
शाहेदा बागवान नई जिंदगीहून सहाजणींना घेऊन आलेली.
तिचा पोरगा तिच्याजवळ झोपतो,
पण दाखल्यावर सही चालते ती
तीन वर्षं तोंड न दाखवलेल्या बापाची.
ती म्हणाली, "एकच, म्हणजे कुणाचा?"
विड्यांची दोरी तुटल्यासारखी शांतता.
मागच्या दोघी उठून गेल्या, परत आल्या नाहीत.
त्यांच्या चपलांचा आवाज मी इतिवृत्तात लिहिला नाही.

महानंदा हत्तुरे तोवर गप्प होती.
"मला तर कायद्यानं दिलंवतं," ती म्हणाली,
"भावाबरोबरीनं, चार एकरांत.
मीच हक्कसोड लिहून दिलं.
एक इरकल मिळालं. माहेर तुटू नये म्हणून.
इरकल विटलं. माहेर... जाऊ दे."

'एकच' मी खोडलं.
वर 'बरोबरीचा' लिहिलं.
शाहेदानं वही ओढून घेतली,
"आमच्यातलं जे बदलायचं ते आमच्या तोंडून लिही,
आणि हिचं हिच्या. पण कागद एक."
मग लिहिताना मी विचारत गेले, तुझं कसं, तुझं कसं,
आणि चार पानांची अकरा झाली.

कलेक्टर कचेरीत टेबलावरच्या माणसानं गठ्ठा उचलला
आणि शिंकला. पुन्हा शिंकला.
अकरा पानांना तंबाखूचा वास,
सह्यांपेक्षा अंगठे जास्त,
अंगठ्यांच्या कडेला तपकिरी धूळ.
"कुठून आणलंय हे?" नाकाला रुमाल लावून त्यानं विचारलं.
केराबाई म्हणाली, "घरून."
त्यानं शिक्का मारला. आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.

पाऊस नव्हता, ऊन होतं, रिक्षाला पैसे कमी होते.
चालत आलो.
वाटेत शाहेदानं बर्फाचा गोळा घेतला,
तो पाचजणींत फिरला.

आता रोज सकाळी, छाटातल्या विड्या वेगळ्या करताना,
नरसम्मा मला विचारते,
"अकराशे सत्तेचाळीस कुठवर पोचली गं?"
जशी लांब दिलेल्या लेकीची खबर विचारावी.
मी म्हणते, मुंबईला गेली असेल.
ती मान हलवते,
दोऱ्याची गाठ दातानं तोडते.
"आणि तिथून पुढं?"