पाचर

दांडा सैल आहे हे मला सकाळीच कळलं होतं.
दोनदा हलवून पाहिला.
पाचर मारायला हवी होती,
पण बाकीचे नदीकडे निघाले होते
आणि आळसालाही घाई असतेच.

यार्देनच्या काठी वाळुंजांची दाटी.
राहायची जागा पुरेना म्हणून
एकेकानं एक तुळई तोडायची, असं ठरलेलं.
माझी निम्मी तोडून झाली होती
आणि हातात नुसतं लाकूड उरलं.
पाण्यानं एक घोट घेतला,
तोंड मिटलं.

लोखंडाची तेव्हा काय किंमत होती
हे आता पोरांना सांगून पटत नाही.
शल्लूमच्या घरी ती एकच कुऱ्हाड,
बापानं दोन वर्षांची लोकर देऊन घेतलेली.
देताना तो "जपून" म्हणाला होता, एवढंच.
भरपाईला माझ्याकडे काय होतं?
एक घोंगडी.
आणि मी.

मी ओरडलो. काय ते आठवत नाही.
हत्तील सांगतो, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा
"मागून आणली होती हो, मागून आणली होती"
एवढंच म्हणत होतास.

संदेष्टा आला. टकलावर घाम,
दाढीत लाकडाचा भुसा.
मला वाटलं, आता हा पाचरेचं विचारणार.
त्यानं विचारलं, "कुठं पडली?"

मी बोट दाखवलं. ते इतकं थरथरत होतं
की निम्मी नदीच दाखवली असणार.
त्यानं एक फांदी तोडली, फेकली.
कुणी म्हणतं, आकाशवाणी झाली.
मी तिथं होतो. बेडूक ओरडत होते.

आणि लोखंड वर आलं.
झोपमोड झालेल्या माणसासारखं,
हळू, जरा नाखुशीनंच.

"घे उचलून," तो म्हणाला.
स्वतः हात लावला नाही.
मी मांडीभर चिखलात उतरलो,
ते गार पातं छातीशी धरलं.
फांदीही शेजारीच तरंगत होती. तीही घेतली.
वळून पाहिलं तर तो
आपल्या तुळईवर पुन्हा घाव घालत होता.

संध्याकाळी शल्लूमनं धारेवरून अंगठा फिरवला.
"बोथट केलीस."
मी मान खाली घातली.
मग त्यानं दांडा हलवून पाहिला.
पुन्हा हलवून पाहिला.
"पाचर कसली मारलीस रे?"

"वाळुंजाची," मी म्हणालो.