आठशे किलोमीटर

पास्कलने जुनी क्लच प्लेट टेबलावर ठेवली,
पेपर पसरून, पापलेट ठेवावं तशी.
फ्लायव्हीलवर निळे डाग. वास
जळलेल्या नखांचा, अजून ताजा.
"बघ," म्हणाला, "इंजिन वाढवलंस, पावणेचारशे घोडे,
आणि लगाम कंपनीचाच.
पकडणार कशी?"

पकडलीच नव्हती. गेल्या रविवारी
धावपट्टीवर, तिसऱ्या पिवळ्यानंतर
काटा चढत गेला साडेसहा हजारांवर
आणि गाडी विचार करत उभी.
शेजारच्या लेनमधला, मिसरूडही न फुटलेला,
चारशे दोन मीटर संपवून
मला लांबून हात करत होता.

कलिन्याच्या गल्लीत, दोन गॅरेजांमधल्या फटीत बसून
आम्ही यादी वाचली.
सहा पाकळ्यांच्या सिरॅमिकवर माझं बोट थांबलं.

सिरॅमिक मला माहीत आहे.
चेंबूरच्या लॅबमध्ये मी दिवसभर दात करते,
समोर परक्या जबड्यांचे ठसे, प्लास्टरचे.
सिरॅमिक स्वतः झिजत नाही,
समोरच्याला झिजवतं.
"तेच तर," पास्कल म्हणाला, "फ्लायव्हील खाऊन टाकील."
तरी बोट हलेना.

मग त्याने कुणा गिऱ्हाइकाची गाडी काढली,
त्याच पाकळ्या बसवलेली.
"चालव. अमर महालपर्यंत. आत्ता, सहा वाजता."

दाबलं की भिंत, उचललं की उडी.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
कुर्ल्यात रिक्षावाला आरशातून बघत राहिला,
बाई नवशिकी दिसते.
पुलाखाली पोचेपर्यंत डावा गुडघा
शिवणयंत्रासारखा.
या शहरात हाफ क्लच म्हणजे सभ्यता:
थोडं पकडायचं, थोडं निसटू द्यायचं,
पुढच्याच्या बंपरला न शिवता वीतभर सरकायचं.
या प्लेटला मधलं काही ठाऊकच नाही.

"वर्षात किती रविवार पळवतेस?"
"तीन. कधी चार."
"आणि उरलेले दिवस?"
पास्कलला उत्तर नको होतं. तो नट शोधत होता.

डबल प्लेटचा भाव त्याने कागदावर लिहिला,
माझ्याकडे पाहिलं, आणि आपणच खोडला.

शेवटी सबंध गोल प्लेट, ऑरगॅनिक, स्प्रिंगवाली,
वर दुप्पट ताकदीची प्रेशर प्लेट.
"पहिल्या दोन गिअरांत टॉर्क जरा कमी करू, लॅपटॉपवरून."
मी भांडले. चहा झाला. परत भांडले.
"सुटताना तीन दशांश सेकंद जातील!"
"गुडघा राहील."

गिअरबॉक्स वर चढला. हात पुसत म्हणाला,
"आठशे किलोमीटर. उडी नाही, शर्यत नाही.
दोघांना एकमेकांची सवय होऊ दे."

हे वाक्य माझं आहे.
नवी कवळी दिली की मी सांगते,
पंधरा दिवस भाकरी नको, मऊ भात खा,
हिरड्यांना सवय होऊ दे.
कोणी ऐकत नाही. एक आजोबा
दुसऱ्याच दिवशी चिक्की खाऊन आले,
रुमालात दोन तुकडे घेऊन.

"आणि हायवे नको. ट्रॅफिक पाहिजे.
सारखं थांब, सारखं निघ."
मुंबईत जन्मलेल्या माणसाने
हे मला गंभीर तोंडाने सांगितलं.

तेव्हापासून रोज थांबते, निघते.
पेडल जड आहे, पण बोलतं,
कुठे पकडलं ते तळपायाला कळतं.

काल बीकेसीच्या सिग्नलला
शेजारी एक निळी गाडी येऊन उभी राहिली,
काच खाली, दोनदा घसा खाकरला तिने.
समोर रस्ता, कधी नव्हे तो, मोकळा.
मी मीटर पाहिला: तीनशे एकोणनव्वद.
हिरवा पडला.
टाच टेकवून मी पाय इतका हळू उचलला
की आरशातली लोंबती माळही हलली नाही.

तो गेला.
मी अजून मऊ भातावर.