लागेल

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने
गंजलेला नट कधी सोडवलेला नसणार.
गुडघ्याखाली पुठ्ठा, कोपरापर्यंत ग्रीस
आणि उणे अठराची थंडी पान्याला चिकटलेली.
सोनं असं कण्हत नाही.

केमियार्वीत ही व्होल्वो मी घेतली
तैस्तो कोर्कोच्या मुलीकडून,
तो गेला त्याच्या सहाव्या आठवड्यात.
एकोणनव्वदचं मॉडेल, रंग ओल्या विटेचा,
मीटरवर तीन लाख बारा हजार.
मुलगी म्हणाली, भंगारवाला यायचाच होता उद्या.
मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला;
मला पहाटे पाचला सुरू होणारी गाडी हवी होती,
देखणी नको.
इथे हिवाळ्यात गाडीच्या नाकात वायर खुपसून तिला निजवतात,
रात्रभर इंजिन ऊबदार राहावं म्हणून.
वायरही त्याचीच. मधोमध काळी चिकटपट्टी.

पुढच्या कप्प्यात वही निघाली, निळी, चौकटीची.
‘१४ ऑक्टोबर. ऑइल, फिल्टर. उणे सहा. मागचं उजवं चाक धरतंय.’
‘२ मे. तळाला मेण मारलं. रस्त्याच्या मिठाने डावा पत्रा खाल्लाय, बोटभर.’
‘टायमिंग बेल्ट बदलला. पुढचा साडेतीन लाखाला. विसरू नकोस.’
कुणी विसरायचं नाही, ते लिहिलेलं नाही.
मी विसरले नाही.

मग माझं अक्षर सुरू होतं.
पहिलं वर्षभर नुसते आकडे, वाण्याच्या बिलासारखे.
मग एकदा हवा लिहिली.
मग एकदा, ‘कोल्हा आडवा आला. ब्रेक चांगले आहेत.’

नोव्हेंबरातल्या एका तारखेखाली त्याने लिहिलंय:
‘आज काही केलं नाही. आत बसून होतो.’
पुढचे एकवीस दिवस कोरे.
नंतर पुन्हा ऑइल, फिल्टर, उणे अकरा.
मुलीला विचारता आलं असतं,
दर गुरुवारी भेटते ती दुकानात, दुधापाशी.
आम्ही बटाट्यांच्या भावावर बोलतो.

डॅशबोर्डमागची खडखड थांबवायला
त्याने बर्चच्या सालीची घडी कोंबली होती.
गॅरेजवाल्या यार्मोने ती हसत फेकून दिली,
फोमचा तुकडा लावला, अठरा युरो.
आठवड्यात खडखड परत.
बर्चला इथे काय तोटा.
मी घडी घातली, कोंबली, गप्प झाली.

आणि डिकीच्या तळाशी, घोंगडीत गुंडाळलेलं एक खोकं.
न उघडलेलं.
वर पेन्सिलीने एकच शब्द: लागेल.
अकरा वर्षं मी ते ओझं वागवलं.
दोनदा बाहेर काढून ठेवलं, दोनदा परत ठेवलं.
फेब्रुवारीत पेल्कोसेन्निएमीच्या रस्त्यावर
तापमानाचा काटा चढत गेला, बर्फावर हिरवं पाणी सांडत गेलं.
यार्मो म्हणाला, पाण्याचा पंप गेलाय. नवा यायला दहा दिवस.
मी डिकी उघडली.

बसला. अर्थातच बसला.
त्याने तो माझ्यासाठी घेतला नव्हता,
गाडीसाठी घेतला होता, एवढं मला कळतं.
तरी त्या रात्री वहीत
पंपाच्या पुढे काय लिहावं ते सुचेना.
तारीख टाकली. उणे चोवीस, लिहिलं.

यंदा तपासणीला नवा पोरगा होता, कानात बाळी.
खालून टॉर्च मारत बराच वेळ हिंडला.
पत्रा ठोकून पाहिला, टाचेने नव्हे, बोटांनी.
मग वर येऊन शिक्का मारला आणि म्हणाला,
अजून किती वर्षं चालवणार आहात ही?

म्हटलं, डिकीत एक अल्टरनेटर आहे,
अजून उघडलेला नाही.

खोक्यावरचं अक्षर माझं.