पाहुणे कलाकार

रविवारी बाराला यान सुटायचं
परशा मुचंडीकराच्या माडीवरून,
अँटेना किल्ल्याकडं वळली, तर.

कप्तान ठरलेला. पाहुणा तेवढा दर खेपेला नवा,
हिरव्या तोंडाचा. परशाला एकही पटेना.
वहीच केली त्यानं:

वडगावच्या मागावरचा सातप्पा, यंत्रमानव.
(कानात कापूस आहेच. रंगवायला नको.)
खानापूर गाडीचा कंडक्टर, दोन सूर्यांचा राजा,
सुट्ट्यांवाचून तह अडवून धरणारा.
दुभाषी मात्र मल्लव्वा भाजीवाली:
भाव कन्नडात, शिव्या मराठीत,
कुठल्याही आकाशगंगेत खपेल.

माझं नाव शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं.
पहारेकरी. संवाद नाही.
दोन रविवार मी गेलोच नाही.
"दार तूच उघडतोस खरं," म्हणाला,
"तू नसलास की सगळी यानातच बसून."

परशा आता दावणगेरेला, लेकीकडं.
सातप्पाचा माग भंगारात गेला.
माडीची किल्ली माझ्याकडं असते.
रविवारी उघडतो, बाराला. पारवे उडतात.
थोडा वेळ उभा राहतो
दाराच्या डाव्या अंगाला, वहीत लिहिलंय तसा.
खाली मल्लव्वाची नात ओरडते
दोन्ही भाषांत, कोथिंबीर.