उसनी थंडी

गुंज हे नाव शर्वाणीनं ठेवलं,
पहिल्या दिवशी तळहातावर ते तेवढंच वाटलं म्हणून.
खरं वजन दुकानातल्या काट्यावर: एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम.
सोळा तोळे, मी सवयीनं बोलून गेलो,
आणि समोरचं गिऱ्हाईक हसलं,
मजुरी किती लावली?

दिवाळी झाली तशी त्यानं माठाची पानं सोडली.
भट्टीपासून लांबच्या कोपऱ्यात
फरशी उकरत बसायचं, फरशी काही उकरायची नाही.
डॉक्टर नाईकवडी म्हणाले, म्हशीचं काहीही विचारा मला,
हे बर्फाच्या मुलखातलं जनावर.
दोन दिवसांनी त्यांचाच फोन, कुठून कुठून वाचून:
झोपायचंय त्याला.
पण कोल्हापूरची थंडी पुरायची नाही.
चौदा-पंधरा अंशांवर ते ना धड जागं, ना धड झोपलेलं,
नुसतं झिजत जाईल.
पाच लागतात. लहान आहे, सहा आठवडे बास.

पाच अंश.
आमच्या घरात ते एकाच जागी राहतात.

फ्रिजमध्ये? वैजू म्हणाली,
माझ्या रश्श्याच्या पातेल्याशेजारी?
म्हणून गंगावेशीतल्या दूधवाल्याचा जुना फ्रिज आणला,
दार लावलं की हंबरणारा.

झोपवायच्या आधी उपाशी ठेवावं लागतं, हे ठाऊक नव्हतं.
पोटात राहिलेलं पान झोपेत सडतं.
रोज परातीत कोमट पाणी,
त्यात ते बसायचं, प्यायचं, रिकामं व्हायचं,
आणि शर्वाणी शेजारी उकिडवी:
उद्यापण जेवण नाही हं, सॉरी.
एका लेकराला उपाशी कसं ठेवायचं
ते मी दुसऱ्या लेकराला शिकवत होतो.
देवळातल्या दगडी कासवाला हात लावून ती येताजाता विचारायची,
तू कसा रे झोपलास, न खाता, एवढ्या पायांमध्ये?

चपलांचा रिकामा खोका. भोकं. ओलसर माती,
वर जुन्या पावत्यांच्या पट्ट्या.
दिवसातून एकदा दार उघडायचं, हवा बदलायची,
थर्मामीटर वाचायचा,
आणि दर रविवारी वजन.

आमच्या धंद्यात सोनं आटवलं की थोडं कमी भरतं.
त्याला घट म्हणतात.
या घटीपायी माझ्या बापाला लोक तोंडावर चोर म्हणाले होते.
वहीत मी लिहीत गेलो: घट एक. घट दोन.
घट नाही.
अठरा ग्रॅम गेले की लगेच उठवा, डॉक्टर म्हणाले होते.
अठरा ग्रॅमचा आकडा मला कधी एवढा मोठा दिसला नव्हता.

जानेवारीत एका रात्री डीपी उडाला.
सहा. साडेसहा. आठ.
स्कूटर काढून शाहूपुरीत गेलो, बर्फवाल्या तौफिकला उठवलं.
लगीन हाय काय भावा, एवढ्या रातीचं?
कासव झोपलंय, मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
लादीवरचा भुसा झटकला,
अर्धी लादी पोत्यात गुंडाळून दिली.
पैशाचं सकाळी बघू.
पहाटेपर्यंत मी टॉर्च धरून बसलो,
कानटोपी घालून,
दुसऱ्या कुणाला तरी गार ठेवत.

महिनाअखेरीला खोका ओट्यावर ठेवला, उन्हाच्या कडेला.
दुपारपर्यंत काही नाही.
वैजू म्हणाली, आता तरी सांग तिला.
मी काही बोललो नाही, कोमट पाणी आणलं.
पाण्यात एक पाय सरकला, मागचा.
मग डोळा, एकच.
मग मान पुढं टाकून ते प्यायला लागलं
आणि इतका वेळ पीत राहिलं
की वैजूनं गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं.

एकशे ब्याऐंशी. घट पाच, मी लिहिलं.
कुणी घेतले, या रकान्यात
शर्वाणीनं तिच्या अक्षरात लिहिलं: थंडीनं.

फ्रिज अजून चालूच आहे,
आत मातीचा वास,
बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही.