चार्ज

मिरजेच्या मिशन शाळेचा चार्ज
हिवाळे बाईंनी दिला शनिवारी:
बाकं एकशे बारा, मोडकी सात,
पेटी एक, काळी दोन मुकी,
किल्ल्यांचा जुडगा,
कमिटीच्या पत्राखाली पाळकसाहेबांची सही.

यादीत नव्हतं ते जिना उतरताना सांगितलं:
सहावीतल्या अमोसला डबा नसतो,
विचारायचं नाही,
आपल्या डब्यात जेवायला घ्यायचं.
आणि घंटा हळू, तडकलीय.

सोमवारी प्रार्थनेला फाटक बंद.
उशिरा येणाऱ्यांनी आमेन होईस्तोवर बाहेर –
नियम बाईंचाच, सत्तावीस वर्षांचा.

मी एक डोळा उघडला.
गजांपलीकडे चार पोरं, दप्तरं छातीशी,
आणि रांगेत शेवटी बाई,
डोळे मिटून.

किल्ली माझ्या मुठीत.
गीताची अजून दोन कडवी बाकी.