पेवात न्यायची बॅटरी

तांबोळींच्या दुकानात काउंटरवर दोन टॉर्च उभ्या.
अंग तेच, काळं. सेल तोच, किंमतही तीच,
फरक म्हणे फक्त आतल्या दाण्याचा.
"ही साडेसहा हजार, ही साडेचार," अल्लाबक्ष म्हणाला.
मी खिशावर हात ठेवला.
"रुपये न्हवं ओ. केल्व्हिन. उजेडाच्या रंगाचं माप."

पहिली पेटवली.
समोरच्या बंद शटरवर चुन्याचा गोळा फुटावा तसा उजेड,
कडेला किंचित निळा.
पायरीवरचं कुत्रं उठून निघून गेलं.
दुसरी पेटवली. कुत्रं गेलेलंच होतं,
त्यामुळं तिची तेवढी परीक्षा झाली नाही.
पण शटरवर गंज दिसला.
मघाशी तो नुसता डाग होता.

माझ्या खिशात कायम एक कांडी असते, राजापुरी,
मधोमध मोडलेली,
दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तशी.
ती काउंटरवर ठेवली.
साडेसहा हजाराखाली तिचा गाभा
लिंबाच्या सालीकडं झुकलेला, हिरवट, आजारी.
साडेचारखाली
कांडी पुन्हा आपल्या गावची झाली.

अल्लाबक्ष हुशार. लगेच म्हणाला,
"मग दोन्ही न्या की.
माल घेताना पांढरी मारायची, विकताना ही."
आम्ही दोघंही हसलो.
मी जरा आधी थांबलो,
कारण यार्डात असं करणारा एक जण मला माहीत आहे
आणि त्याच्याकडून मी पगार घेतो.

मिरजेला आईला ठेवलं होतं तेव्हा
वॉर्डातल्या ट्यूब अशाच, निळसर पांढऱ्या.
तीन दिवस आम्ही म्हणत होतो, रंग बरा आहे.
चौथ्या दिवशी नवी डॉक्टरीण आली, बिराजदार नावाची,
म्हणाली, खाट खिडकीशी घ्या.
खाट सरकवली. चाकांना तेल नव्हतं.
खिडकीत आईच्या डोळ्यांतलं पांढरं
पांढरं नव्हतं.
हळदीच्या धंद्यात जन्म काढलेली पाच माणसं आम्ही उभी,
एकालाही पिवळं ओळखता आलं नव्हतं.

हरिपुरात वडील पेवात उतरायचे.
दगड सरकवून तोंड दिवसभर उघडं टाकायचं,
मग दोरीला कंदील.
तळाला टेकूनही जळत राहिला, तर माणूस खाली.
विझला, तर चहा.
कंदिलाच्या उजेडात सगळीच हळद सोन्याची,
म्हणून त्यांनी खाली कधी भाव बोलला नाही.
मूठ भरायची, वर यायचं,
लिंबाच्या झाडाखाली जाऊन ओंजळ उघडायची.
"रंग दिवसाला इचारायचा," म्हणायचे,
"कंदिलाला निस्ती हवा."

साडेचारवाली घेतली.
अल्लाबक्षनं वीस रुपये सोडले, वर पट्टी दिली मनगटात अडकवायची.
तशी लांब जात नाही ही.
पण पेव पंचवीस फूट,
मला काही कृष्णेपलीकडचं बघायचं नाही.

परवा एक पेव उघडलं,
पुरातनं वाचलेल्यांपैकी.
सोबत आदगोंडांचा धाकटा, इंजिनिअरिंग अर्धं सोडून आलेला.
बॅटरी हातात फिरवत म्हणाला,
"एवढी झ्याक वस्तू असताना कंदील कशाला ओ, काका?"

त्याला म्हटलं, हिला हवा लागत नाही.
खालची हवा संपली तरी ही जळत राहील
माझ्या तोंडावर,
अगदी खऱ्या रंगात.

तो काही बोलला नाही.
दोरी त्यानंच धरली.
कंदील भिंतीला दोनदा आपटला, काच तडकली नाही.
आम्ही काठावर ओणवून
खाली बघत राहिलो.